बंदुकीचा धक्का आणि खांद्याचा हिशेब

बंदुकीचा बार निघाला म्हणजे गोळी पुढे गेली हे सर्वांना कळते. बंदूक मागे आली हे मात्र एकट्या खांद्याला कळते. आमचा शिकारीशी वंशपरंपरेचा संबंध नाही. हमाल आणि अंगमेहनती कामगार यांच्या संघटनेत आमची उमेद गेली, आणि जे काही शिकलो ते कामाच्या ओघात व उसन्या पुस्तकांतून. तरीही हा विषय घेतला, कारण ओझे आणि खांदा यांचा व्यवहार आम्हांला थोडाफार ठाऊक आहे, आणि ठासणीच्या बंदुकीत व्यवहार तोच आहे.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरावयाची बंदूक. आधी नळीत मापाने दारू ओतावयाची, मग बोळा, मग गोळी किंवा छर्रे, आणि गजाने ते सारे तळापर्यंत ठासावयाचे. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. नळीच्या आत पिळदार सऱ्या असतील तर ती रायफल, नसतील तर साधी बंदूक. ही वस्तू संग्रहालयात गेली असे कोणी समजू नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणाच्या परवान्याच्या संदर्भात ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे अनेक शेतकऱ्यांपाशी ती आजही आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि नेमके त्याच वेळी माकडे आणि डुकरे बागेत उतरतात, ही तिकडची नेहमीची तक्रार. परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे, हेही येथेच सांगून ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमानंतर वनाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून रानडुकरावरही गोळी झाडता येत नाही.

आता धक्का का बसतो ते पाहू. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला तिसरा नियम शाळेत सर्वांनी घोकलेला असतो: क्रियेएवढीच प्रतिक्रिया, उलट दिशेने. पण मग मनात शंका येते. दोन्हीकडे जोर सारखाच, तर गोळी डुकराच्या अंगात शिरते आणि दस्ता खांद्यात का शिरत नाही? याचे उत्तर आकड्यांत आहे. समजा, गोळी ३० ग्रॅमची आहे आणि सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटली. वजन गुणिले वेग असा हिशेब केला तर किलोग्रॅम आणि मीटर या मापांत १२ येतात. तिच्यामागून धूर, वायू आणि जळालेली दारूही वेगाने बाहेर पडते. तिचा वाटा धरून एकूण १५ म्हणू. एवढेच १५ बंदुकीच्या वाट्याला उलट दिशेने येतात. बंदूक चार किलोची असेल तर ती सेकंदाला पावणेचार मीटर वेगाने मागे येईल. गोळीच्या अंगी २,४०० ज्यूल ऊर्जा, आणि बंदुकीच्या अंगी अवघी २८. धक्का सारखा, पण ऊर्जा जवळजवळ सारी हलक्याने नेली. जड बाजूला फार थोडी उरली, म्हणून माणूस उभा राहतो.

तीच बंदूक तीन किलोची केली तर? वेग पाच मीटर होतो आणि खांद्याकडे येणारी ऊर्जा एकतृतीयांशाने वाढते. हलकी बंदूक दिवसभर रानात वागवायला बरी, बार काढायला वाईट. नळदुर्ग आपल्याच तालुक्यात आहे. उपळी बुरुजावर चढून हत्ती तोफ आणि मगर तोफ पुष्कळांनी पाहिली असेल. त्या तोफाही तोंडाकडूनच भरावयाच्या. जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी असलेली मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली आणि १६३२ मध्ये विजापुरास गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. एवढी धातू नळी फुटू नये म्हणून लागते हे खरे, पण त्याच वजनाने धक्काही गिळला जातो. माणसाच्या हातातल्या बंदुकीला ही चैन करता येत नाही, म्हणून उरलेले काम युक्तीने करावे लागते.

पहिली युक्ती दारूच्या मापाची. आमच्याकडे समजूत अशी की मूठभर जास्त दारू घातली की मार तेवढा वाढला. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. ती जळाली की निम्म्याहून अधिक वजन वायू होत नाही; ते धूर आणि काजळी होऊन राहते. म्हणून एका मर्यादेपलीकडे घातलेली दारू गोळीचा वेग फारसा वाढवीत नाही, पण तिचे स्वतःचे वजन नळीतून बाहेर फेकले जातेच आणि त्याची भरपाई खांद्याकडून वसूल होते. पुन्हा नळीवर ताण पडतो तो वेगळाच. बंदूक बनवणाऱ्याने सांगितलेले माप ओलांडू नये, आणि हाताच्या अंदाजावर तर मुळीच भरू नये. काडतुसातली धूररहित दारू ठासणीच्या नळीत घातली तर नळी फुटते. तेथे खांद्याचा प्रश्नच उरत नाही, हात आणि डोळे यांचा उरतो.

दुसरी युक्ती दस्त्याची. काही जुन्या शिकारी रायफलींचा दस्ता अरुंद आणि चंद्रकोरीसारखा आत वळलेला असतो, वर पितळेची पट्टी. तो खांद्याच्या खोबणीत लावला तर कोरीची दोन टोके रुततात. तो दंडाच्या वरच्या भागावर टेकवण्यासाठी केलेला असतो. रुंद, सपाट दस्ता मात्र खांद्याच्या खोबणीत, गळ्याखालच्या हाडाच्या बाहेर, घट्ट बसवावा. घट्ट म्हणजे आवळून नव्हे, फट न ठेवता. फट राहिली तर बंदूक आधी वेग घेते आणि मग आदळते. टेकलेली असली तर ती अंगाला ढकलते. अंगाने त्या ढकलण्याबरोबर थोडे मागे जावे. त्यासाठी डावा पाय पुढे, भार किंचित पुढे झुकलेला, गुडघे सैल. नळी खांद्याच्या रेषेच्या वर असल्यामुळे तिचे तोंड वर उसळते. म्हणून गाल दस्त्याला टेकलेला हवा, अधांतरी धरलेल्या गालावर तो उसळून बसतो. आडवे पडून बार काढणाऱ्याला मागे जायला जागाच नसते, त्याला तोच धक्का अधिक लागतो. सरावाच्या वेळी खांद्यावर जाड घडी ठेवण्यात कमीपणा नाही. हमाल डोक्यावर चुंबळ घेतो ती काही शोभेसाठी नव्हे.

एवढे करूनही एक रोग उरतो. दोनचार जबर धक्के खाल्लेला माणूस पुढच्या बाराला चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा मागे घेतो, बोटाला हिसका देतो. यालाच अंग चोरणे म्हणतात. नेम चुकतो, जनावर नुसते जखमी होऊन झुडपात शिरते, किंवा गोळी भलतीकडे, वस्तीकडेही जाते. मग जाणते लोक त्याला भित्रा म्हणतात. अंगचोर हा शब्द आम्ही गोदामांच्या दारात इतक्यांदा ऐकला आहे की तो ऐकताच आधी ओझ्याचे वजन विचारण्याची आम्हांला सवय जडली. शंभर किलोचे पोते पाठीवर देऊन माणूस वाकतो का म्हणून विचारणारे मुकादम आम्ही पाहिले. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली. पोते हलके झाले तेथे तीच माणसे न कुरकुरता वाहू लागली. बंदुकीतही उपाय तोच. अंग चोरणाऱ्याला दटावू नये, त्याच्या बंदुकीतली दारू कमी करावी आणि कित्येक दिवस हलक्या बारावरच सराव द्यावा. कानात कापूस किंवा त्याहून चांगले काही घालावे, कारण पुष्कळदा अंग धक्क्याला भीत नाही, आवाजाला भिते.

धक्का न बसणे हेही एक वर्तमान असते, आणि ते अधिक गंभीर. केप फुटली, ठो झाले, पण खांद्याला काही जाणवले नाही, तर बार आतच आहे असे समजावे. गलबल्यात हे ध्यानात येत नाही. १८६३ मध्ये अमेरिकेत गेटिसबर्गची लढाई संपल्यावर रणांगणात गोळा केलेल्या बंदुकांत एकावर एक दोन किंवा अधिक बार भरलेल्या हजारो निघाल्या. बार न झाल्याचे शिपायांना कळलेच नव्हते, आणि ते भरतच गेले होते. म्हणून धक्का न लागल्यास बंदुकीचे तोंड निर्धोक दिशेला तसेच धरून निदान मिनिटभर थांबावे. ठिणगी आत रेंगाळत असेल तर बार उशिरा होतो. गजावर दोन खुणा करून ठेवाव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक नेहमीच्या भरणीची. गज आत सोडला की बार कोठवर आहे ते खुणेवरून कळते. गोळी तळापर्यंत बसली नसेल, दारू आणि गोळी यांत पोकळी राहिली असेल, तर तेही त्याच खुणेवर दिसते, आणि अशी पोकळी राहिलेली नळी फुटू शकते. जुन्या वाड्यातली बंदूक खंडेनवमीला पूजेसाठी भिंतीवरून उतरवतात, तेव्हा केप काढून हा गज आधी आत सोडावा. पणजोबांनी भरून ठेवलेला बार अजून आत असू शकतो.