पत्र्याखालचा पारा आपणच मोजूया

उन्हाळ्यात वर्तमानपत्रात रोज एक आकडा छापून येतो : छत्रपती संभाजीनगर, कमाल तापमान अमुक अंश. हा आकडा चिकलठाण्याच्या वेधशाळेतला असतो आणि तो खराच असतो. पण तिथला तापमापक मोकळ्या जागेत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, झरोके असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. शेंद्र्याच्या वस्तीत पत्र्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत दुपारी बाळंतीण आणि तान्हे बाळ झोपलेले असते, रात्रपाळी करून आलेला कामगार झोप काढत असतो. त्या खोलीतली हवा किती तापली, हे त्या आकड्यातून कळत नाही. म्हणून आपल्या घरातला पारा आपणच मोजायला हवा. आज ते अवघड राहिलेले नाही.

एकाच गावात दोन हवामान

अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्याच शहरातल्या एका रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर उष्णतेच्या त्रासाने तिथे दाखल होणारी बाळे कमी झाली. शहर तेच, ऊन तेच. फरक डोक्यावरच्या छताचा होता. पुढे २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला आणि नंतर गरीब वस्त्यांची छपरे पांढरी रंगवण्याचे कामही तिथे झाले.

नुसते तापमान पुरेसे नाही

आपले शरीर घामाने थंड होते. घाम वाळला तरच अंग गार पडते. हवेत ओल जास्त असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. म्हणून तापमानाबरोबर आर्द्रता, म्हणजे हवेतला ओलावा, मोजावा लागतो. ३५ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला सुमारे ३७ अंशांसारखे जाणवते. तेच ३५ अंश आणि ६० टक्के असेल तर सुमारे ४५ अंशांसारखे जाणवते. या जाणवणाऱ्या आकड्याला उष्णता निर्देशांक म्हणतात. तो ४० च्या पुढे गेला की धोका सुरू झाला असे समजावे.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावरील कार्यक्रमात तासन्‌तास उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी सुमारे ३८ अंश तापमान नोंदले गेले होते. किनाऱ्याजवळची दमट हवा आणि डोक्यावर सावली नसणे, यामुळे तेवढेही जिवावर बेतले. जयंतीचा महिना आणि बुद्धपौर्णिमेचा काळ आपल्याकडे ऐन उन्हाचाच असतो. मिरवणुकीची वेळ ठरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

यंत्र काय असते?

चार-पाच घरांत एकेक छोटे मोजणी यंत्र आणि विहारात किंवा समाजमंदिरात एक मुख्य केंद्र, अशी ही रचना आहे. घरातले यंत्र दर दहा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता मोजते आणि बिनतारी संदेशाने केंद्राकडे पाठवते. केंद्राच्या पडद्यावर सगळ्या घरांचे आकडे दिसतात. यासाठी इंटरनेट लागत नाही, महिन्याचा रिचार्जही लागत नाही. वस्तीतल्या आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या मुलामुलींना दोन सुट्ट्यांत हे जमेल. सामान इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते आणि एका घराच्या यंत्राचा खर्च काहीशे रुपयांत बसतो.

लागणारे सामान : प्रत्येक घरासाठी एक नोडएमसीयू बोर्ड (यात ईएसपी ८२६६ ही वायफायची चिप असते), एक डीएचटी २२ सेन्सर, तीन वायरी आणि जुना मोबाइल चार्जर. केंद्रासाठी आणखी एक नोडएमसीयू, एक छोटा ओलेड पडदा आणि हवा असल्यास बझर.

डीएचटी ११ नावाचा स्वस्त सेन्सरही मिळतो, पण तो घेऊ नये. त्याच्या मापात दोन अंशांपर्यंत फरक पडतो आणि २० टक्क्यांखालची आर्द्रता तो नीट मोजत नाही. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा तितकी कोरडी होऊ शकते. डीएचटी २२ चे तापमान साधारण अर्ध्या अंशापर्यंत बरोबर येते.

जोडणी

१. सेन्सरचा अधिक टोक बोर्डाच्या ३.३ व्होल्टला, उणे टोक ग्राउंडला आणि मधला माहितीचा टोक डी ५ ला जोडा. तीन पायांच्या पट्टीवर बसवलेला सेन्सर घेतला तर एवढेच पुरते. सुटा चार पायांचा घेतला तर त्याचा तिसरा पाय रिकामा राहतो, आणि पहिल्या व दुसऱ्या पायामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावावा लागतो.

२. केंद्राच्या बोर्डावर ओलेड पडद्याचा एससीएल टोक डी १ ला आणि एसडीए टोक डी २ ला जोडा.

३. संगणकावर आर्डुइनोचे मोफत सॉफ्टवेअर घ्या. बोर्डांनी आपसांत राउटरशिवाय बोलावे यासाठी ईएसपी-नाऊ ही पद्धत वापरा. केंद्राच्या बोर्डाचा मॅक पत्ता प्रत्येक घराच्या प्रोग्राममध्ये लिहावा लागतो. ॲडाफ्रूटच्या डीएचटी लायब्ररीत उष्णता निर्देशांक काढण्याची सोय तयार मिळते.

४. वीज फक्त चार्जरमधून पाच व्होल्टची घ्यावी. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगला हात लावू नये. लोडशेडिंगसाठी पॉवर बँक चालते. मात्र काही पॉवर बँका इतका कमी प्रवाह बघून आपोआप बंद होतात, हे आधी तपासावे.

पत्रा हा बिनतारी लहरींना अडवतो. संदेश पोचत नसेल तर यंत्र दाराकडच्या किंवा खिडकीकडच्या बाजूला न्यावे.

खरे-खोटे तपासणे

घरोघरी लावण्याआधी सगळी यंत्रे एका खोलीत शेजारी शेजारी ठेवून रात्रभर चालू द्यावीत. एखादे यंत्र इतरांपेक्षा एक अंश जास्त दाखवत असेल तर प्रोग्राममध्ये तेवढे वजा करावे. आर्द्रतेसाठी एक जुनी युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने ओले करावे, पातळ करू नये. ते झाकण आणि सेन्सर घट्ट बंद डब्यात दहा-बारा तास ठेवावे. सेन्सरला मीठ लागू देऊ नये. आत आर्द्रता ७५ टक्के दिसली पाहिजे.

कुठे लावावे?

सेन्सर पत्र्याला चिकटवू नये, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. बोर्ड स्वतः थोडा तापतो, म्हणून सेन्सर त्यापासून वीतभर दूर ठेवावा. माणूस जिथे झोपतो त्या खाटेच्या उंचीवर तो असावा. एक यंत्र पत्र्याच्या घरात, एक स्लॅबच्या घरात आणि एक झाडाखाली सावलीत लावले, तर फरक सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल.

आकडे बघून काय करायचे?

कूलर लावल्यावर खोलीतली आर्द्रता भराभर वाढत असेल तर खिडकी उघडा. कूलरची हवा बाहेर जायला वाट हवी. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो. खोली ४० अंशांच्या पुढे गेली तर नुसता पंखा अंगावर गरम हवाच मारतो. अशा वेळी अंग ओल्या कपड्याने पुसा आणि लहान मुले, गरोदर बाई व म्हातारी माणसे यांना विहारात किंवा झाडाखाली न्या. पत्र्याला वरून चुना मारला तर आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहा. पावसाळ्यात आर्द्रता सतत ७० टक्क्यांच्या वर राहत असेल तर भिंतींना बुरशी धरते, दमा आणि खोकला वाढतो. तेव्हा ओले कपडे घरात वाळत घालू नयेत आणि पाऊस थांबला की दारे उघडावीत.

यंत्र डॉक्टर नाही. कोणी बरळू लागले, चक्कर येऊन पडले, अंग भट्टीसारखे तापले, तर आकडे बघत बसू नका. तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा, सावलीत आडवे करा, अंगावर पाणी टाका, वारा घाला. मान, काख आणि जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. शुद्धीत असलेल्याला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट द्या. चमचा चहाचा घ्यावा.

वही ठेवा

केंद्राजवळ एक वही ठेवावी. सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता प्रत्येक घराचा आकडा तारखेसह लिहावा. हे काम नववी-दहावीतली मुले आळीपाळीने करू शकतात. महिनाभराची वही हातात असली की ग्रामपंचायतीपुढे 'फार उकडते' एवढेच सांगावे लागत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या घरात किती तापमान होते, ते दाखवता येते. सावलीची झाडे, पाण्याची टाकी, छपरांना चुना, दुपारी उघडे राहणारे सभागृह यांची मागणी आकड्यांसह लेखी देता येते. रमाई आवास योजनेत घर बांधणाऱ्या कुटुंबालाही छत कसे असावे, झरोके कुठे ठेवावेत, हे शेजाऱ्याच्या घरातले आकडे बघून ठरवता येईल.

मार्च लागण्याआधी यंत्रे लावून झाली, तर पूर्ण उन्हाळ्याची नोंद मिळेल.