गूळ-चिंचेच्या लेपातला रोहू

रोहू ओव्हनमध्ये भाजून त्यावर गूळ-चिंचेचा चकाकता लेप चढवणं हे पाऊण तासाचं काम. त्यात मासा सरळ आहे, हट्टी आहे तो लेप. मासा रोहूच का? छत्तीसगडात दुर्गहून राजनांदगावकडे जाताना लागणारं रसमडा समुद्रापासून फार दूर. तिथे पापलेट-सुरमई येणार ती बर्फातून. ताजे मिळतात ते गोड्या पाण्यातले रोहू, कटला आणि मृगळ. हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. 1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशांना पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून आणली आणि तळ्यांना लागणारं बीज हुकमी मिळण्याची वाट मोकळी झाली.

रोहूच्या मांसात बारीक, दुफाटी काटे असतात. त्यामुळे मासिकांतल्या छायाचित्रासारखी गुळगुळीत, बिनकाट्याची पट्टी काढण्याचा हव्यास धरू नये. आडव्या, इंचभर जाडीच्या तुकड्या करून घ्याव्यात. तुकड्या धुऊन मीठ-हळद लावावी आणि वीस मिनिटांनी फडक्याने अगदी कोरड्या टिपाव्यात. ओली तुकडी भाजली जाण्याआधी वाफवली जाते, आणि वाफेवर लेप टिकत नाही.

तळ्यातल्या रोहूला कधीकधी मातकट वास येतो. तो चिखलाचा वाटतो, पण असतो जिओस्मिनचा. पाण्यातले काही सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि माशाच्या चरबीत ते साठतं. आम्लाने हा वास मंदावतो, म्हणून लेपात चिंच हवीच. चार तुकड्यांना तीन चमचे किसलेला गूळ, दोन चमचे घट्ट कोळ, चमचाभर वाटलेली मोहरी, थोडं तिखट आणि चिमूटभर मीठ पुरतं. हे मंद आचेवर चमच्याला धरेल इतकंच आटवावं. आटताना चिंचेच्या आम्लाने गुळातली थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. त्यामुळे थंड झाल्यावरही लेप सहसा रवाळ होत नाही, लकाकतो. चिंच चवीसाठी असते असं मानलं जातं. खरं तर ती इथे दुहेरी राबते.

भाजण्याचा जुना ठोकताळा आहे: इंचाला 10 मिनिटं, 230 अंशांवर, जाडी मोजायची ती सर्वांत जाड भागाची. कॅनडाच्या मत्स्यखात्याच्या नावाने हा नियम जगभर फिरला. मात्र घरच्या लहान ओव्हनचं दार उघडलं की उष्णता भसकन बाहेर पडते, त्यामुळे इंचाला 10 मिनिटं हा अंदाज समजावा, हुकूम नव्हे. मधल्या काट्याजवळचं मांस पांढरं, अपारदर्शक होऊन काट्यापासून सहज सुटलं की मासा झाला. बाजूंनी पांढरा साका भरपूर सुटू लागला तर आच जास्त झाली आहे.

बहुतेकांचं बिनसतं ते लेपाच्या वेळेवर. मुरवणाची सवय असलेले हात लेप आधीच फासून मोकळे होतात. माशाला इंचाला 10 मिनिटं लागतात, एवढ्या आचेवर गुळाचा पातळ थर तेवढा दम धरत नाही; कडा काळ्या होतात आणि कडू लागतात. म्हणून तुकड्यांना आधी नुसता तेलाचा हात लावून सात मिनिटं भाजावं, मग ब्रशने पातळ लेप द्यावा. दोन मिनिटांनी दुसरा हात, आणि शेवटी फक्त वरची कांडी चालू. या शेवटच्या मिनिटात ओव्हनपुढून हलू नये. लेपावर बारीक बुडबुडे उठतात, रंग तांबूस होतो आणि करपट वासाची पहिली चाहूल लागायच्या आत ट्रे बाहेर यायला हवा.

सोबत छत्तीसगडचा साधा भात पुरे. उरलेला लेप भातावर ओतावा, पण त्याच्या वाटीत कच्च्या माशाला लागलेला ब्रश बुडाला असेल तर आधी उकळून घ्यावा. ट्रे गरम असतानाच पाणी घालून ठेवला नाही, तर गूळ दगडासारखा चिकटून बसतो.