जुन्या फ्रेंच सायकलींची ओळख व कालनिर्णय

हस्तलिखिताच्या अखेरीस शक, तिथि व लेखकाचें नांव दिलेलें असलें, तरी संशोधक तेवढ्यावर विसंबून राहत नाहीं. कागद कोणत्या जातीचा, अक्षराचें वळण कोणत्या काळचें, मूळ मजकुरांत मागाहून कोणीं भर घातली आहे कीं काय, हें पाहूनच तो निर्णय देतो. परंतु यंत्रयुगांतील वस्तु समोर आली कीं तिजवरील रंगीत चिठ्ठी हाच पुरावा समजण्याकडे संग्राहकांचा कल होतो. एका संग्राहक स्नेह्यांनीं आपल्याजवळची एक जुनी फ्रेंच सायकल आम्हांस पाहावयास दिली. तिजवर प्यूजोचें नांव व ‘रेनॉल्ड्स ५३१’ अशी चिठ्ठी असून, विकणारानें ती ‘पीएक्स-१०, सन १९५५’ म्हणून दिली होती. या विधानाची परीक्षा आम्हीं कोणत्या क्रमानें केली तें येथें देत आहों.

प्यूजो घराण्यानें सायकली करण्यास १८८२ मध्यें आरंभ केला. पीएक्स-१० हा त्यांचा शर्यतीचा नमुना. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कारखान्यानें १९३५ मध्यें पुढें आणलेल्या ५३१ या पोलादाच्या हलक्या नळ्यांचा त्याचा सांगाडा असे. यूओ-८ हा त्याच घराण्याचा साधा नमुना. त्याच्या नळ्या सामान्य पोलादाच्या व क्रँक कॉटर-पिनेनें अडकविलेले. १९७० नंतर अमेरिकेंत सायकलींची मोठी लाट आली, तींत हा नमुना विपुल खपला. दुरून पाहतां दोन्ही नमुने सारखेच दिसतात. बाजारांतील मोल मात्र फार भिन्न. सबब एकास दुसऱ्याचा वेष चढविण्याचा मोह कोणासही व्हावा, हें उघड आहे.

(१) देशाची खूण. – फ्रेंच कारागिरांचीं मापें मीटर-पद्धतीचीं, इंग्रजांचीं इंचांचीं. फ्रेंच सांगाड्याची सीटखालची नळी बाहेरून २८ मिलिमीटर भरते, इंग्रजी २८.६, वरची आडवी नळी फ्रेंच २६, तर इंग्रजी २५.४. याहून बोलका पुरावा, ज्यांत क्रँकांचा आंस फिरतो त्या बी. बी. घराच्या आट्यांचा. फ्रेंच आटे ३५ मिलिमीटर व्यासाचे, एकेका आट्याची चाल १ मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंच्या वाट्या उजव्या आट्यांच्या. इंग्रजी पद्धतींत चेनकडील वाटी डाव्या आट्यांची असते. स्विस आटे मापानें फ्रेंचच, पण चेनकडील वाटी डावी. मोटोबेकानच्या कांहीं सायकलींत ते आढळतात. फ्रेंच पायडलांवर उजव्या-डाव्याची खूण म्हणून ‘द्रुआत’ व ‘गोश’ या शब्दांचीं आद्याक्षरें ठोकलेलीं असतात. १९८० नंतरच्या दशकांत फ्रेंच कारखाने आपलीं मापें सोडून इंग्रजी मापांकडे वळले. म्हणून हे आटे देशाबरोबर काळाचीही उत्तरमर्यादा सांगतात. प्रस्तुत सायकलीचीं सर्व मापें फ्रेंच निघालीं. येथवर विकणाराचें म्हणणें टिकलें.

(२) नमुन्याची खूण. – चिठ्ठी कोणासही विकत घेऊन डकवितां येते. नळीचें भोंक मात्र कारखान्यांतच ठरतें. पीएक्स-१० च्या सीटची दांडी २६.४ मिलिमीटरची, यूओ-८ ची २४ ची. प्रस्तुत सायकलींत २४ ची दांडी चपखल बसते, २६.४ ची शिरतच नाहीं. नळ्यांच्या सांध्यांवर शर्यतीच्या नमुन्यास नेर्व्हेक्सच्या नक्षीदार कडांचे लग असत; येथें ते साधे, सरळ कडांचे आहेत. चिमटा काढून पाहतां त्याच्या नळीच्या खालच्या अंगास निळ्या रंगाचे जुने ओघळ दिसले. बाहेरील पांढरा रंग त्यावरून दिलेला आहे, आणि ५३१ ची चिठ्ठी त्या पांढऱ्या रंगाच्याही वर आहे. म्हणजे मूळ रंगानंतर दुसरा रंग, व त्यानंतर चिठ्ठी, असा क्रम लागतो. प्रक्षिप्त श्लोक वेगळ्या शाईंत सांपडावा तसाच हा प्रकार होय.

(३) काळाची पूर्वमर्यादा. – मागील गिअर बदलणारें यंत्र सिम्प्लेक्सचें आहे. ल्यूसियाँ झ्यूई यांनीं दिजाँ येथें १९२८ मध्यें सुरू केलेल्या या कारखान्याचीं यंत्रें फ्रेंच सायकलींवर सर्वत्र आढळतात. १९३७ मध्यें तूर द फ्रान्सच्या शर्यतींत अशा यंत्रांस मोकळीक मिळाल्यावर त्यांचा प्रसार अधिकच झाला. प्रस्तुत यंत्राचे मुख्य भाग डेलरिन नामक काळ्या प्लास्टिकचे आहेत. डेलरिन बाजारांत आलें तें १९६० मध्यें. तेव्हां हें यंत्र १९५५ चें असणें अशक्य आहे. येथें कोणी म्हणेल कीं यंत्र मागाहून बदललें असेल. ही शंका रास्त आहे. परंतु ज्या पट्टीवर तें टांगलें आहे तिचें भोंक सिम्प्लेक्सच्या पद्धतीचें, आटे नसलेलें, असें शाबूत आहे. पुढील चेन सरकविणारा भाग व दांड्यांची जोडी याच कारखान्याची व याच द्रव्याची आहे. आणि तिन्हींची झीज सारखी आहे. एक सुटा भाग खोटें बोलूं शकतो. एकत्र झिजलेला संच सहसा बोलत नाहीं. मागील चाकाची जागा १२० मिलिमीटर, म्हणजे पांच चक्रांच्या फ्रीव्हीलची आहे. सहा चक्रांकरितां पुढें ती १२६ झाली.

याच्या उलट टायर, चेन, फ्रीव्हील व ब्रेकचे रबर हे झिजणारे भाग. यांची साक्ष घेऊं नये. क्रँकांचीही साक्ष जपूनच घ्यावी. प्रस्तुत सायकलीस स्ट्राँगलाइटचे बिनपिनेचे क्रँक आहेत व पीएक्स-१० लाही ते असत. पण आंस व वाट्या आंतून अगदीं नव्या आहेत, यावरून ते मागाहून घातले हें स्पष्ट होतें.

(४) कराच्या पट्ट्या. – याहून जुन्या सायकलींस आणखी एक साधन लाभतें. फ्रान्समध्यें १८९३ च्या कायद्यानें सायकलीवर वार्षिक १० फ्रँक कर बसला, आणि पुढें कर भरल्याची खूण म्हणून सालाचा आंकडा असलेली धातूची पट्टी सायकलीस लावावी लागे. १९५८ मध्यें हा कर उठला. अशी पट्टी सांपडल्यास ती जपावी. मात्र ती त्या सालीं सायकल वापरांत होती एवढेंच सांगते. पोथीच्या मलपृष्ठावरील मालकाची नोंद जशी पोथीचा लेखनकाळ नव्हे, तशीच ही पट्टी सायकलीचा जन्मकाळ नव्हे. शिवाय ती एका सायकलीवरून काढून दुसरीस लावणें सोपें असतें.

निष्कर्ष असा कीं, प्रस्तुत सायकल पीएक्स-१० नसून यूओ-८ आहे, आणि १९५५ ची नसून १९६० ते १९८० या काळांतील आहे. स्नेह्यांस हें कळवितांना आम्हांस संकोच वाटला. त्यांनीं तिजकरितां शर्यती सायकलीचें मोल मोजलें होतें. परंतु खोटी सनद खरी म्हणून दप्तरीं ठेवण्यापेक्षां साधें खतपत्र खरें म्हणून ठेवणें बरें, हें त्यांस पटलें. कामावर व शाळेंत जाणाऱ्या सामान्य माणसांनीं वापरलेली वस्तु म्हणून या नमुन्यासही इतिहासांत जागा आहे.

शेवटीं एक विनंति. इंग्रजी वाटीचा व्यास फ्रेंच वाटीहून सुमारें दोन दशांश मिलिमीटरच कमी असल्यामुळें, पाना जोरानें फिरवून ती बसविण्याचा प्रयत्न पुष्कळ जण करतात. तसेंच स्ट्राँगलाइटचे क्रँक काढण्याचे आटे २३.३५ मिलिमीटरचे, टीएचे २३ चे व इतर बहुतेकांचे २२ चे असतां एकच हत्यार सर्वांस चालवितात. सिम्प्लेक्सच्या भोंकांत नवे आटे पाडून दुसरें यंत्र टांगण्याचीही चाल आहे. अशा एका घटकेच्या सोयीनें जो पुरावा नष्ट होतो तो पुनः मिळत नाहीं. फाटलेल्या कागदावरून कांहीं अक्षरें तरी वाचतां येतात. खरवडलेला आटा कांहींच सांगत नाहीं. म्हणून कोणताही भाग काढण्यापूर्वीं मापें घ्यावीं, छायाचित्रें काढावीं, चिमट्याच्या आंत व पट्ट्यांखालीं उरलेला मूळ रंग तसाच राहूं द्यावा, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग टांचण लावून सायकलीबरोबरच ठेवावा. एवढें झालें तर पुढील परीक्षकास आमचाही निर्णय पुनः तपासून पाहतां येईल.