आमटीच्या वाटीत प्रथिनं किती?
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० मधल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत; ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ती साधारण २२ ग्रॅम असतात खरी, पण पातळ आमटीच्या वाटीत डाळ पडते जेमतेम २०-२५ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं ५ ग्रॅमच. तेव्हा वरण घट्ट ठेवा, जोडीला मटकीची उसळ आणि दही घ्या, भात थोडा कमी करा. वजन उतरवायचं असेल तर दाण्याचं कूट मोजून घाला: १०० ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिनं २५ ग्रॅम, पण उष्मांक ५५० च्या वर. सोयावड्या इथे फार उजव्या, चरबी अगदी नगण्य. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.