शेजार पाहून आकार घेणारा ठोकळा

श्रोतेहो, आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात, डोंगरउतारावर, भातखाचरांचे बांध आपण पाहतच आलो आहोत. बांध कुठे सरळ जातो, कुठे काटकोनात वळतो, तर कुठे चार बांध मिळून चौफुला होतो. माती तीच, पण रूप ठरते ते शेजारी कोण आहे त्यावर. मुले संगणकावर जो ठोकळ्यांचा खेळ खेळतात, त्यातही हेच चालते.

माइनक्राफ्ट हा तो खेळ. स्वीडनमधील मोजांग कंपनीने २०११ साली तो पूर्ण रूपात आणला. त्यातले सारे जग ठोकळ्यांचे. कुंपणाचा एकच ठोकळा मोकळ्या जागी ठेवला, तर नुसता खांब दिसतो. शेजारी दुसरा ठेवला, की मध्ये आडव्या पट्ट्या आपोआप येतात. हे होते कसे? प्रत्येक ठोकळ्यापाशी चार प्रश्न असतात: उत्तरेला कुंपण आहे का? पूर्वेला? दक्षिणेला? पश्चिमेला? तिरप्या शेजाऱ्याची चौकशी नाही.

या खेळात स्वतःचे नवे ठोकळे घालणारे हौशी लोक याचा हिशेब असा मांडू शकतात. उत्तरेच्या ‘होय’ला १ गुण, पूर्वेला २, दक्षिणेला ४, पश्चिमेला ८, ‘नाही’ला शून्य. गुण दुपटीने वाढत असल्यामुळे ० ते १५ यांतील प्रत्येक बेरजेचा अर्थ एकच निघतो. ५ म्हणजे उत्तर-दक्षिण सरळ कुंपण, ३ म्हणजे कोपरा, १५ म्हणजे चौफुला. सोळा चित्रे तयार असली, की हवे तेवढे लांब कुंपण उभे राहते.

घोटाळा होतो तो पुढेच. मधला ठोकळा काढला आणि शेजाऱ्यांना कळवलेच नाही, तर त्यांच्या पट्ट्या हवेत लोंबत राहतात! म्हणून एक ठोकळा बदलला, की चारही शेजाऱ्यांनी बेरीज पुन्हा मांडायची. त्यापलीकडे जायचे कारण नाही. शेजारी ‘आहे का’ एवढेच विचारायचे असते. तो ‘कसा दिसतो’ हे नव्हे. त्यामुळे एवढे मोठे जग दर वेळी सगळे तपासावे लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे शिकवायला संगणकच हवा असे नाही. अंगणात खडूने चौकटी आखा, काहींत मुले उभी करा आणि प्रत्येकाला आपली बेरीज सांगू द्या. मग मधल्या एकाला बाजूला घ्या. उत्तरेकडच्या मुलाचे ४ कमी होतील, दक्षिणेकडच्याचा १. हे का, ते मुलांनीच सांगितले, की द्विमान संख्यापद्धतीचा पहिला धडा पुरा झाला म्हणून समजा.