गच्चीवरची टाकी आणि तेलाची पिशवी

मस्कतमध्ये कुठल्याही गल्लीत उभे राहा आणि वर बघा. बऱ्याच घरांच्या गच्चीवर पाण्याची टाकी दिसेल. समजा, तुमच्या गच्चीवर नवीन टाकी बसवायची आहे. ती 1 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच आहे. बाबा तुम्हाला विचारतात, "टाकी पूर्ण भरली, तर गच्चीवर किती वजन येईल? सांग बरं!"

तुम्हाला एक गोष्ट माहीत आहे. 1 घन सेंटिमीटर पाण्याचं वस्तुमान 1 ग्रॅम असतं. (रोजच्या बोलण्यात आपण त्याला वजनच म्हणतो.) म्हणजे पाण्याची घनता आहे 1 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. घनता म्हणजे ठरावीक जागेत किती वस्तुमान मावतं, ते सांगणारा आकडा.

घनता = वस्तुमान ÷ आकारमान

पण टाकी तर मीटरमध्ये मोजली आहे. आता काय करायचं?

कोणी पटकन म्हणेल, "सोपं आहे! 1 मीटर म्हणजे 100 सेंटिमीटर. म्हणून टाकीत 100 ग्रॅम पाणी." थांबा. 100 ग्रॅम म्हणजे एक कप चहा! एवढी मोठी टाकी आणि त्यात एक कप पाणी? दुसरं कोणी म्हणेल, "100 गुणिले 100, म्हणजे 10,000 ग्रॅम. 10 किलो." ही तर झाली एक बादली. अजूनही काहीतरी चुकतंय.

चूक कुठे आहे? टाकीला तीन बाजू मोजाव्या लागतात: लांबी, रुंदी आणि उंची. म्हणून 100 ने तीनदा गुणायचं.

100 × 100 × 100 = 10,00,000

टाकीत 10 लाख घन सेंटिमीटर पाणी मावतं. म्हणजे 10 लाख ग्रॅम. 1000 ग्रॅमचा 1 किलो होतो, म्हणून 10,00,000 ÷ 1000 = 1000 किलो. पूर्ण एक टन! गच्चीवर एखादी छोटी मोटार ठेवल्यासारखंच झालं. आणि हे फक्त पाण्याचं वजन, रिकाम्या टाकीचं वेगळं.

आता कळलं ना, हिशोब नीट का करायचा? बादलीएवढं वजन समजून टाकी कुठेही ठेवली, तर छताला धोका होऊ शकतो.

या हिशोबातून एक छान नियम मिळतो:

1 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर = 1 किलो प्रति लिटर = 1000 किलो प्रति घनमीटर

मधला भाग कसा आला? 1 लिटरमध्ये 1000 घन सेंटिमीटर असतात आणि 1 किलोमध्ये 1000 ग्रॅम. दोन्हीकडे 1000 आहे, म्हणून आकडा बदलत नाही. घनमीटरकडे जाताना मात्र 1000 ने गुणायचं आणि परत येताना 1000 ने भागायचं.

आता स्वयंपाकघरात या. सुट्टीत भारतात गेलात, की आजीच्या घरी तेलाची पिशवी बघा. 1 लिटर तेलाचं वजन 1 किलो नसतं! ते साधारण 910 ग्रॅमच्या आसपास असतं. कारण तेलाची घनता पाण्यापेक्षा कमी आहे. म्हणूनच तेल पाण्यावर तरंगतं.

गंमत पुढेच आहे. तेल तापलं की पसरतं. वजन तेवढंच राहतं, पण जागा जास्त लागते. म्हणजे घनता कमी होते. 1 लिटर सोयाबीन तेलाचं वजन बघा:

- 21 अंश सेल्सिअसला: 919 ग्रॅम
- 40 अंशांना: 906 ग्रॅम
- 60 अंशांना: सुमारे 893 ग्रॅम

भारतात काही पिशव्यांवर "60 अंशांना 1 लिटर" असं लिहिलेलं असायचं. पण स्वयंपाकघरात 60 अंश तापमान कुठे असतं? अशा पिशवीत लिटर पूर्ण दिसतो, पण तेल कमी येतं. म्हणून 2022 साली भारताच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल कंपन्यांना सांगितलं, की तापमान न लिहिता तेल किती आहे ते लिहा आणि वजनही बरोबर असू द्या.

मस्कतच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. तेव्हा लक्षात ठेवा: लिटर जागा सांगतो, किलो वस्तुमान सांगतो. या दोघांना जोडणारा पूल म्हणजे घनता.

शब्दार्थ
गच्ची – घराचं सपाट छप्पर
आकारमान – वस्तूने व्यापलेली जागा
पारा चढणे – तापमान वाढणे
मावणे – आत पुरेशी जागा असणे

करून पाहा
1. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे 1025 किलो प्रति घनमीटर आहे. 1 लिटर समुद्राच्या पाण्याचं वजन किती?
2. सोन्याची घनता 19.3 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. ती किलो प्रति घनमीटरमध्ये लिहा.
3. घरातली तेलाची बाटली शोधा. तिच्यावर लिटर लिहिलं आहे की किलो? आईबाबांना मराठीत समजावून सांगा, की दोन्ही आकडे सारखे का नसतात.