औषधाचा डाग आणि मनाचा डाग

सिद्धचक्राची आराधना आली की मैनासुंदरीची कथा आपल्या घराघरांतून सांगितली जाते. पित्याने कोपाच्या भरात कुष्ठपीडित श्रीपालाशी तिचा विवाह लावून दिला आणि तिने तो श्रद्धेने स्वीकारला. ही कथा भक्तिभावाने ऐकणारी सातारा-सांगलीकडील कुटुंबे सोयरीक जुळवताना मात्र मुलीच्या हातावरील पांढरा डाग पाहून मागे सरतात. असा डाग बहुधा कुष्ठाचा नसतो. कधी कधी तर तो रोगाचाही नसतो, उपचाराचा असतो.

त्वचेतील रंगपेशी मेलॅनिन नावाचे द्रव्य निर्माण करतात. काही औषधांनी हे कार्य मंदावते. दुखऱ्या सांध्यात किंवा जखमेच्या वाढलेल्या व्रणात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यावर तेथील त्वचा फिकी पडू शकते. पुष्कळदा काही महिन्यांत रंग परततो. गजकर्णावर आपल्याच मनाने दीर्घकाळ स्टेरॉइडयुक्त मलम लावल्यानेही रंग जातो, शिवाय त्वचा पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी १४ औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. औषधांचा व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांनी हा नियम व्रतासारखा पाळावा.

रक्ताच्या एका कर्करोगावर इमॅटिनिब ही गोळी २००१ पासून वापरात आहे. तिने असंख्य प्राण वाचवले. रंगपेशींना आवश्यक असलेल्या एका प्रथिनाचे कार्यही ती रोखते, म्हणून सावळ्या रुग्णांची त्वचा फिकी होऊ लागते. लोकलज्जेने गोळी परस्पर बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते. मात्रेचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.

औषधाने आलेला डाग स्पर्शाने पसरत नाही आणि संततीतही उतरत नाही. डाग बधिर असेल तर तपासणी त्वरित करावी. कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतःच्या पांढऱ्या डागांविषयी मोकळेपणाने बोलत ‘श्वेता असोसिएशन’ उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ (२००६) हा चित्रपटही याच प्रश्नावर आहे.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत निर्विचिकित्सा हे एक अंग आहे. देहाच्या विकाराची घृणा न करणे, हा त्याचा अर्थ. पुढचे स्थळ पाहताना त्याचे स्मरण राहिले, तर मैनासुंदरीची कथा ऐकल्याचे सार्थक होईल.